रविवारची केपे भेट : सभासदांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आपण केप्याचा ‘पालासियू दु देआंव’ हा जुना वाडा पाहायला जात आहोत. सकाळी ९ वाजता मडगावच्या कदंब बसस्थानकावर जमायचे. तिथून अंतर जेमतेम १५ किलोमीटर आहे.

कुशावती नदीच्या काठी, चर्चसमोर हे घर १७८७ साली उभे राहिले. ज्या पोर्तुगीज धर्मगुरूने, म्हणजे ‘देआंव’ने (चर्चच्या डीनने), केपे गाव वसवले त्याचेच हे निवासस्थान. पोर्तुगीज आणि इथली हिंदू बांधणी त्यात एकत्र नांदते. पुढे निराधार स्त्रियांना इथे आसरा मिळाला, आणि नंतर वास्तू मोडकळीस आली. एका गोवेकर दांपत्याने अनेक वर्षे खपून ती पुन्हा उभी केली. मला स्वतःला ही गोष्ट त्या वास्तूइतकीच मोठी वाटते.

तेव्हा कृपया लक्षात ठेवा, हे सरकारी संग्रहालय नाही, कुणाचे तरी राहते घर आहे. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, खुर्च्यांवर बसू नका. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपल्यांची तावदाने असत. तशी कुठे दिसली तर डोळे भरून पाहा, पण बोट लावू नका, ती फार नाजूक असतात. बाग मात्र निवांत फिरा, घाई करू नका.

जेवण आधी सांगितले तरच मिळते, म्हणून गुरुवारपर्यंत नाव कळवा. शाकाहारी असाल तर तेही लिहा. लहान मुलांना जरूर आणा, फक्त हात धरून ठेवा.