गायरानात खड्डे काढण्याआधी

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पूर्व भागात राहते. गोठ्यात तीन म्हशी, एक गाय आणि दोन रेडकं आहेत. लग्न होऊन या गावात आले त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हापासून सकाळची धार काढायची, दूध डेअरीला घालायचं आणि जनावरं माळाला न्यायची, हा माझा रोजचा क्रम. आमच्या गायरानाबद्दल चार गोष्टी लिहायच्या आहेत. त्या छापाव्यात ही विनंती.

मागच्या ग्रामसभेत गायरानावर झाडं लावायचा विषय निघाला. ठरावाचा कागद कन्नडमध्ये होता. आम्हा बायकांपैकी फारशा कुणाला तो वाचता येईना, म्हणून शेजारच्या कॉलेजच्या मुलाला वाचायला दिला. तो म्हणाला, "काकी, पाळू जमीन लिहिलंय. पाळू म्हणजे पडीक." त्या एका शब्दावर मी अडले. ज्या जमिनीवर गावातली निम्मी दुभती जनावरं आठ-नऊ महिने पोट भरतात, ती पडीक कशी? तिथं कुणी नांगर धरत नाही एवढंच. गवत पिकतं, शेण पडतं, त्या शेणावर आमची भातशेती चालते. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत गवताचे माळसुद्धा धरले जातात हे मला नंतर कळलं. चूक आमच्या पंचायतीपासून सुरू झालेली नाही, पण आमच्या पंचायतीला ती थांबवता येईल.

झाडांना माझा विरोध नाही. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीकडे जंगल हवंच, ते तोडू नये म्हणून आम्हीही बोलू. पण कणकुंबीचा पाऊस आणि आमच्या माळाचा पाऊस एक नाही. इथं वीतभर मातीखाली मुरूम लागतो. अशा जमिनीला निसर्गानंच गवत दिलं आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या गायरानातल्या पाच एकरांत रोपं लावली होती. कुणी लावली ते नाव इथं नको. चारी बाजूंनी चर खणला, काटेरी तार ओढली. पाऊस संपल्यावर पाणी घालायला कुणी फिरकलं नाही. होळीपर्यंत बहुतेक रोपं काड्या होऊन गेली. तार मात्र तशीच राहिली, त्यामुळे जनावरं आत जाईनात. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास मी त्या तारेपाशी म्हशी घेऊन उभी होते. आत पवना गवत मांडीला लागेल एवढं वाढलं होतं, मधे मधे मारवेल गवताचे जांभळट तुरे. तारेच्या अलीकडे माझ्या पायाखाली तीच माती, तोच पाऊस, आणि गवत बोटभर. म्हशी तारेतून माना घालून आतलं गवत ओढत होत्या. एकीच्या मानेला ओरखडा उठून रक्त आलं, तरी ती हटेना.

बियाणं कुणी पेरलं नव्हतं, खत कुणी टाकलं नव्हतं. मुळं जमिनीत होतीच. त्यांना एक पावसाळा वर यायला वेळ मिळाला.

त्या वर्षी दसऱ्यानंतर गावातल्या जाणत्यांनी बसून ठरवलं की हे गवत वाटून कापायचं. ज्यांच्या घरी जनावरं आहेत अशी अठरा घरं. प्रत्येक घरातून विळा घेऊन एकानं यायचं आणि मिळून कापायचं. माझ्या वाट्याला सतरा भारे आले. पिंजरात, म्हणजे भाताच्या काडात, मिसळून ते महिनाभर पुरले आणि त्या महिन्यात मी पेंडीचं एक पोतं कमी आणलं. तीन म्हशींच्या घरात एका पोत्याचे पैसे वाचणं म्हणजे काय, ते दर आठवड्याला डेअरीच्या बिलाची वाट बघणाऱ्याला सांगायला नको. नुसत्या पिंजरावर आणि उसाच्या वाढ्यावर दूध टिकत नाही. वाढं रोज भरपूर घातलं तर त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या क्षारानं जनावराच्या अंगातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी होतो, आणि मग व्यायलेली म्हैस बसली की उठत नाही. माझी एक म्हैस अशीच बसली होती. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं तेव्हा उठली.

पुढं त्या पाच एकरांचं काय झालं? कुणाच्याच नावावर जबाबदारी नव्हती. एका बाजूनं चर बुजवला गेला, तार रातोरात गेली, आणि मग सगळ्यांची जनावरं एकदमच आत. माझीही गेली, हे लपवत नाही. शेजारणीची म्हैस खाते आणि माझी उपाशी का राहावी, असं तेव्हा वाटलं. दोन उन्हाळ्यांत पवना गेला आणि कुसळी आली.

कुसळी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. कोवळी असताना जनावर ती आवडीनं खातं. दिवाळीच्या आसपास तिचं बी तयार होतं. बी सुईसारखं टोकदार, मागं लांब काळी शेपटी, आणि त्या शेपटीला दोरीसारखा पीळ. एक कुसळ तळहातावर घ्या आणि शेपटीला थुंकी लावा. ओल लागली की पीळ सुटायला लागतो आणि अख्खं कुसळ हातावर गरगर फिरतं. अशानंच ते बी जमिनीत स्वतःला रोवून घेतं. जमिनीत रुततं तसंच ते मेंढराच्या कातडीत रुततं, रेडकाच्या जिभेखाली रुततं. मागच्या कार्तिकात माझं एक रेडकू चार दिवस लाळ गाळत होतं. तोंड उघडून बघितलं तर जिभेच्या मुळाशी कुसळांचा झुबका. चिमट्यानं एकेक काढताना नवऱ्यानं त्याचं डोकं धरलं होतं आणि आम्हा दोघांनाही बघवत नव्हतं. माळ जास्त चरला की आधी पवना, मारवेल जातात, मग कुसळी वाढते, आणि तीही चरून संपली की नुसतं खडबडीत बारीक गवत नाहीतर उघडा मुरूम उरतो. आमचा माळ आज मधल्या पायरीवर आहे. अजून मागं फिरता येईल.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. गायरानाचे चार भाग करायचे. पहिल्या पावसापासून कापणीपर्यंत एक भाग बंद ठेवायचा, बाकी तीन चरायला मोकळे. पुढच्या वर्षी दुसरा भाग बंद. चार वर्षांत प्रत्येक भागाला एकेक पावसाळा विश्रांती मिळते. गवत फुलोऱ्यात असतानाच कापायचं. दिवाळीनंतर वाळून पिवळं झाल्यावर कापलं तर भारा तेवढाच दिसतो, पण त्यात कस राहत नाही. कापताना जमिनीपासून चार बोटं सोडायची. कडेचा एक पट्टा न कापता बियाला ठेवायचा. पावसाळ्यात लावे आणि चंडोल गवताच्या बुडाशी घरटी करतात, त्यांनाही तो पट्टा लागतो. त्या पाच एकरांत तार होती तेव्हा पहाटे चंडोल वर चढत चढत गायचा. आता तिथं तो मला ऐकू येत नाही. आणि उन्हाळ्यात लवकर हिरवे कोंब यावेत म्हणून माळ पेटवून द्यायची जी सवय आहे, ती आपणच सोडली पाहिजे. दरसाल पेटवल्यानं बी जळतं, माती उघडी पडते आणि वळवाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्याला जाते.

चिक्कोडी-अथणीकडून मेंढरं घेऊन येणारे धनगर आणि कुरुबर यांनाही या ठरण्यात बसवलं पाहिजे. आमच्या शेतात मेंढरं बसवायला आम्ही त्यांना बोलावतो, खताच्या बदल्यात धान्य देतो, आणि माळाचा विषय निघाला की त्यांना हाकलतो. हे बरोबर नाही. गवत कुठं आलंय आणि कुठं संपलंय हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

कायद्याचा आधारही आहे. कर्नाटकच्या जमीन महसूल नियमांत दर शंभर जनावरांमागे तीस एकर चराई जमीन राखावी असं प्रमाण दिलं आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी सांगितलं आहे. आमच्या गावात जनावरं किती आणि गायरान किती याचा हिशोब कुणी मांडला तर आज आहे तेसुद्धा कमी पडेल. त्यातून आणखी काढून घेण्याचा प्रश्नच येऊ नये.

माहितीसाठी लांब जायची गरज नाही. झाशीला जी राष्ट्रीय गवत आणि चारा संशोधन संस्था आहे, तिचं प्रादेशिक केंद्र धारवाडला आहे. तालुक्यातून सकाळी बसनं निघालं तर दुपारी पोचता येतं. दूध संस्थेच्या वार्षिक सभेला तिथल्या एखाद्या माणसाला बोलवावं, त्यांनी आमचा माळ बघावा. संस्था आम्हाला पेंड देते, मिनरल मिक्श्चर देते, त्याच खिडकीवर मारवेलाचे ठोंब मिळाले तर बांधावर लावायला कितीतरी बायका तयार होतील.

माझ्या सासूबाईंच्या काळी गोठ्यात मागं वळलेल्या अर्धगोल शिंगांच्या म्हशी होत्या. त्या धारवाडी म्हशींची २०२१ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. ती म्हैस माळावर चरून, थोड्या वैरणीवर दूध देणारी. जातीची नोंद झाली याचा आनंद आहेच, पण तिनं चरायचं कुठं? यंदाचं २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. ही गोष्टही ग्रामसभेत कुणीतरी सांगायला हवी होती.

झाडांचा ठराव अजून पक्का झालेला नाही. मृगाला फार दिवस राहिलेले नाहीत. त्याआधी पंचायतीचे विकास अधिकारी (पीडीओ) साहेब आणि तलाठी यांनी सर्व्हे नंबरचा नकाशा घेऊन एक दिवस माळावर यावं. सकाळी आठनंतर कधीही, धारा उरकलेल्या असतात. ते पाच एकर कुठं होते, चर कुठून बुजला, पवन्याची ठोंबं अजून कुठं कुठं तग धरून आहेत, ते मी चालत दाखवीन. अठरा घरांपैकी अकरा घरं चर पुन्हा खणायला आपला माणूस द्यायला तयार आहेत. त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत.

आपली विश्वासू,
एक दूध उत्पादक शेतकरी महिला,
ता. खानापूर, जि. बेळगाव