सरस घेऊन ये, सुध्या

सोलापूर, २८ एप्रिल

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. तीन महिने पत्र नाही, चूक माझीच. भेटलास की हवं तेवढं बोल, पण आधी हे ऐक. चिमीच्या डबल बेसला, त्या माणसाएवढ्या उंच व्हायोलिनसारख्या वाद्याला, घरातल्या कुणीतरी सुतारकामाचा पांढरा गोंद लावलाय! इथे कुणापुढे हळहळावं तर "चिकटलं ना, मग झालं की" म्हणतात. म्हणून तुला लिहितोय.

पाडव्यापासून हवा कोरडीठाक आहे. तबली (वाद्याची पुढची फळी) आणि बाजूची पट्टी जुळते तिथला सांधा खालच्या अंगाला वीतभर उघडला. उघडू दे ना! सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदाने, जोडायचं ते त्याचसाठी. लाकूड आकसलं की सांधा सुटतो आणि तबली वाचते. पांढरा गोंद तसा सुटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात ताण पडेल तो तबलीवर, आणि चीर पडली तर आतून पट्ट्या लावण्याचं मोठं काम. शिवाय त्या गोंदाचा थर राहिला तर वर सरस धरत नाही. कोमट पाणी आणि थोडं व्हिनेगर लावून, बोथट पातळ सुरीने, वॉर्निशला धक्का न लावता काढावा लागेल. घाई केली तर तबलीची कडच निघून येईल. पुण्याहून येताना सरसाचे दाणे आण. थंड पाण्यात भिजवून, दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर साठ अंशांपर्यंतच तापवायचा. उकळला की त्याची पकड गेली. तो सरस, बाकी सगळे नीरस! (बापू असते तर या कोटीवर चहा पाजला असता.)

तोवर चारही तारा एकदम उतरवू नकोस असं चिमीला बजावलंय. साउंड पोस्टला, म्हणजे वाद्याच्या पोटातल्या खुंटाला, गोंद नसतो, तो नुसत्या दाबावर उभा. ताण गेला की आडवा पडतो. कूलर खोलीत चालेल, पण झोत वाद्यावर नको. आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिली तरी पुरे. बेसचं रोझिन (गजाला लावायची राळ) आधीच मऊ, ते इथल्या उन्हात डबीतच वितळतं. माठाशेजारी ठेवायला सांगितलंय.

पण खरी काळजी वेगळीच आहे. चिमीला बेसवरच पोट भरायचंय, आणि जॅझ व क्लासिकल दोन्ही हवंय. सगळे म्हणतात, एक काहीतरी धर. मला ते पटत नाही. जॅझमधल्या बेसवाल्या रॉन कार्टरचं बघ. अमेरिकेतल्या ईस्टमन संगीत विद्यालयातून १९५९ साली क्लासिकलची पदवी घेतली, तेव्हा काळ्या वादकाला ऑर्केस्ट्राची दारं बंद होती. मग १९६३ पासून जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याच्याबरोबर. गिनीजने २०१५ मध्ये नोंद केली तेव्हा त्याच्या नावावर २,२२१ रेकॉर्डिंग्ज होती. त्याचा एकेक स्वर नेमका जागेवर बसतो, ती क्लासिकलमधल्या गजाचीच कमाई. जॅझचा दुसरा मोठा बेसवाला चार्ल्स मिंगसही न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या माणसाकडेच शिकला.

माझं म्हणणं एवढंच की पहिली दोन वर्षं गज. एकशेपाच सेंटिमीटरच्या तारेवर पहिला अर्धस्वर जवळजवळ सहा सेंटिमीटरवर येतो, व्हायोलिनवर दोनसुद्धा नाही. म्हणून सिमांडलच्या जुन्या बेस-पद्धतीतली १-२-४ बोटं, तिसरं चौथ्याला आधार. बोटाने छेडताना जरासा बेसूर स्वर खपून जातो, गजाखाली तो लगेच उघडा पडतो. जॅझही बंद करायचं नाही. रोज मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर लावून ब्लूजच्या बारा बारांच्या आवर्तनावर दर मात्रेला एक स्वर असं चालत राहायचं.

तारांवरून आपलं पुन्हा वाजणार, ठाऊक आहे. तुझ्या त्या स्पिरोकोर जातीच्या तारा छेडायला झकास, गुंज लांबते, पण गजाखाली खरखरतात. फ्लेक्सोकोर तारा गजाला गोड, छेडल्यावर लवकर विझतात. चिमीने मधली काहीतरी निवडावी, आणि घोडीला उंची बदलायच्या चकत्या बसवाव्यात. पावसाळ्यात तारा वर येतात, उन्हाळ्यात खाली बसतात, चकत्या फिरवून भागतं. जर्मन गज की फ्रेंच (दोन्हींची पकड वेगळी), हे मात्र तिलाच ठरवू दे. त्या भांडणात आपली एक आख्खी गड्ड्याची जत्रा वाया गेली होती, आठवतं?

पैशाचं बोलायलाच हवं. मुंबईत २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण एका ऑर्केस्ट्रात बेसच्या जागा सहा-आठ. ऑडिशनला बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतला ट्रिओ नावाचा तुकडा आणि नवव्यातलं रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखा भाग) बहुधा मागतातच. कॉन्चेर्टो, म्हणजे सोलो वादकाची ऑर्केस्ट्रासोबतची रचना, डिटर्सडॉर्फ किंवा वान्हालची. सोलोला बरेच जण तारा एक स्वर चढवतात, म्हणजे वेगळा संच आणि वेगळा खर्च. जॅझ ट्रिओत, म्हणजे तिघांच्या संचात, जागा एकच, पण ट्रिओ पुष्कळ. एका दाराशी वर्षं काढण्यापेक्षा दोन दारं उघडी असलेली बरी. तू तिला हे समजाव. तुझं ती ऐकते, माझ्यापुढे नुसती मान हलवते.

माझी शुगर ठीक. वहिनींचा गुडघा कसा आहे? नव्या घरात पाणी येतं ना? मुलाच्या बदलीचं कळव.

येताना सरसाबरोबर चार-सहा क्लॅम्पही आण, कातडी पॅड लावलेले. शेंगाचटणी इथे मी करून ठेवतो. आणि मे संपायच्या आत ये, पाऊस लागला की लाकूड फुगून सगळं ठाकठीक दिसेल आणि घरातले म्हणतील, बघा, काही झालंच नव्हतं.

तुझा,
नंद्या