दहा संकल्प आणि संध्याकाळचे दोन तास

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला नव्या वर्षाच्या संकल्पांवरचा लेख वाचला. दहा उद्दिष्टे लिहा आणि प्रत्येकापुढे ‘कधी, कुठे, कसे’ तेही लिहा, असा त्यातला सल्ला. तो अर्धाच खरा आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी १९९०च्या दशकात दाखवले, की नुसते ‘व्यायाम करीन’ म्हणण्यापेक्षा ‘कामावरून आले की चपला न काढता तशीच चालायला जाईन’ असे ठरवले तर ते पार पडण्याची शक्यता वाढते. पण हे एका उद्दिष्टाचे झाले. एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच युक्ती एकाच वेळी अनेक उद्दिष्टांना लावून पाहिली, तेव्हा तसा फायदा मिळाला नाही. तपशील लिहायला बसले की अडचणीही एकेक करून समोर येतात आणि मन आधीच कच खाते.

मी फोंड्याजवळ राहते, बँकेत आहे. माझी यादी दहाची नाही, चारचीच. साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेले चालणे, बढतीची परीक्षा, देवळातले महिला भजन (यंदा स्पर्धेत उतरायचे घाटते आहे) आणि सासऱ्यांच्या मागे माझ्याकडे आलेले कुळागर, म्हणजे पोफळींची बाग. चारांतले एकही टाकाऊ नाही. पण चारांनाही संध्याकाळचे सहा ते आठच हवे असतात! पावसाळा सरला की पोफळींना पाणी लावावे लागते. पंप सुरू करून पडवीत पुस्तक उघडले, तरी एक कान पंपाकडेच. वेळेवर उठून पाणी पुढच्या ओळीत वळवले नाही, तर पहिल्या झाडांच्या बुडाशी तळे आणि शेवटची कोरडी. तेवढ्यात मृदंगवाला आल्याचा फोन. पुस्तकाचे पान तेच.

रॉबर्ट एमन्स आणि लॉरा किंग यांनी १९८८ साली लोकांना आपापल्या धडपडींची यादी करायला लावली आणि जोड्या लावून विचारले, ही साधताना ती मागे पडते का? ज्यांच्या धडपडी आपसांत भांडत होत्या, ते त्यांबद्दल विचार जास्त करत आणि हातून काम कमी होई. त्यांच्या तब्येतीच्या तक्रारीही जास्त होत्या. लेखकाने हा जोड्यांचा तक्ता वाचकांना दिला असता, तर दहाचे चार करायला मदत तरी झाली असती.

एका दगडात दोन पक्षी मारावेत असे कोणी म्हणेल. मीही भजनाला स्कूटर सोडून चालत जाते. पण आयलेट फिशबाक, आरी क्रुगलान्स्की आणि यिंग झांग यांनी २००७ साली मांडले आहे, की एकच मार्ग अनेक हेतूंना उपयोगी पडतो म्हटल्यावर प्रत्येक हेतूसाठी तो कमी परिणामकारक वाटू लागतो. आमच्या बाबतीत तो नुसता वाटतच नाही. वाटेत तिघी-चौघी भेटतात, गजाली रंगतात, आणि डॉक्टरांना हवी ती चाल राहते बाजूला. भजन मात्र वेळेवर सुरू होते, हे कबूल.

बढतीच्या परीक्षेचा अर्ज मी यंदा भरलेला नाही. आमच्या ह्यांना ती हार वाटते. मला वाटत नाही. परीक्षा पुढच्या वर्षीही असेल, पोफळी वर्षभर पाण्यासाठी थांबणार नाहीत.

लेखात आणखी एक गृहीत आहे, की संध्याकाळ ज्याची त्याची असते. स्वयंपाक, सासूबाईंची औषधे, मुलीची दहावी या गोष्टी कोणी संकल्प म्हणून लिहीत नाही, म्हणून त्या यादीत येत नाहीत. वेळ मात्र सगळ्यांत आधी त्याच घेतात. पुढचा लेख छापण्याआधी लेखकाला एवढे विचाराल का, की त्यांची दहा उद्दिष्टे चालू असताना घरी भात कोण शिजवत होते?

आपली,
एक वाचक, फोंडा