तुमच्या दाराशी सकाळी पहिला कोण यायचा?

मिरज,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी तुमचं ब्राह्मणपुरीतलं घर उतरवायला सुरुवात झाली. फोनच करणार होतो, पण तुझा आवाज ऐकल्यावर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो. घर विकलंस यात तुझं काही चुकलं, असं माझ्या मनात कधीही आलं नाही. चार वारस, गळकं छप्पर आणि पुण्याहून दर पावसाळ्यात हेलपाटे. तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. तरी त्या दिवशी समोरच्या ओट्यावर दोन तास बसून राहिलो. आधी कौलं उतरवली, नीट एकावर एक रचली. मग वासे निघाले. दुपारपर्यंत माजघरात ऊन आलं. ज्या खोलीत आपण भर उन्हाळ्यात फरशीवर उघड्या पाठीनं पडून अभ्यास करायचो, तिथं ऊन पडलेलं बघवेना. उठलो.

निघताना चौकटीवरची नगरपालिकेची निळी पत्र्याची पाटी मुकादमाकडं मागितली. त्यानं काही न विचारता पटाशीनं खिळे उचकटून ती हातात दिली. आता ती माझ्या टेबलावर आहे. एका कोपऱ्यात मुलामा उडून गंज धरलाय, आणि नंबरावर चुन्याचा एक वाळका ओघळ आहे. तुझे अप्पा दिवाळीला स्वतः भिंती रंगवायचे, तेव्हाचा असणार. तुला हवी असेल तर ठेवतो, येशील तेव्हा घेऊन जा.

आता मुद्द्याचं. आम्ही पाच जण गेलं वर्षभर रविवारी सकाळी जुन्या मिरजेत घरोघरी जाऊन बसतोय. लक्ष्मी मार्केट, सतारमेकर गल्ली, दर्ग्याचा परिसर, किल्ला भाग, ब्राह्मणपुरी, एवढाच टापू. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचं, घरी येऊन शब्दन्‌ शब्द उतरवून काढायचा आणि ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर गल्लीचा नकाशा काढून त्यात ते भरायचं. कोणाचं अनुदान नाही, संस्था नाही. एक निवृत्त शिक्षिका, एक औषधाचा दुकानदार, कॉलेजची दोन पोरं आणि मी.

पहिले दोन महिने पार वाया गेले, रे. आम्ही विचारायचो, "चाचा, मिरजेचा जुना इतिहास सांगा." की समोरचा माणूस सावरून बसायचा आणि शाळेच्या पुस्तकातलं बोलायला लागायचा. शिवाजी महाराजांचा मिरजेच्या किल्ल्याला वेढा, पटवर्धनांचं संस्थान, १९४८ चं विलीनीकरण. सगळं खरं, पण ते त्यांच्याकडून ऐकायची गरज नव्हती. मग आमच्या शिक्षिकाबाईंनी एका आजींना सहज विचारलं, "तुमच्या दाराशी सकाळी पहिला कोण यायचा हो?" आजी पाऊण तास थांबल्याच नाहीत. दूधवाला, मग वासुदेव, मग पाण्याची वर्दी देणारी शेजारीण, मग राखुंडी विकणारी बाई. तिला उधारी नको असायची, त्याऐवजी शिळी भाकरी चालायची. कोण कुठल्या बोळातून यायचा आणि कुठल्या दाराला टाळून पुढं जायचा, हेही त्यांनी सांगितलं. त्या टाळलेल्या दारांमधूनच गल्लीची जात कळते, आणि आजींनी तेही लपवलं नाही. तेव्हापासून हाच आमचा पहिला प्रश्न.

सतारमेकर गल्लीत आम्ही सगळ्यात जास्त रमलो. आपण तिथून सायकलवरून शाळेला जायचो, पण कधी थांबलो का? मूळचे हे सतारमेकर शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. राज्यं गेली, तलवारींचं काम आटलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या भावांनी सतारी-तंबोरे करायला घेतले. हत्याराचा हात वाद्यावर बसला आणि पुढं धंद्याचंच आडनाव झालं. आडनावातच केवढा इतिहास बसलाय! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात तू वाचलं असशीलच. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकनाच्या कागदावर वाद्याचं नाव येतं. कुठल्या ओट्यावर कोण बसायचं, कोणाचा हात जवारीला, म्हणजे घोडी घासून आवाज खुलवायला, आणि कोणाचा कोरीव पानांना, हे कोण लिहिणार?

एका चाचांनी आमच्यासमोर जवारी लावली. वय ऐंशीच्या पुढं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मांडीवर तंबोरा आडवा घेतला, तारा सैल करून घोडी काढली, तिच्या अंगावर बारीक कानस दोन-तीनदा फिरवली, फुंकर मारली, पुन्हा बसवली. तार छेडली, मान हलवून नाही म्हणाले. पुन्हा कानस. असं किती वेळा केलं ते मी मोजायचं सोडून दिलं. मग तारेखाली सुताचा दोरा घातला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी तो आवाज एकदम उघडला. खोलीभर भरून राहिला. चाचा म्हणाले, "यह कान का काम है, आँख का नहीं." मग मराठीत सांगायला लागले की त्यांचे वडील समोरच्या जोत्यावर बसायचे, आणि रस्त्यानं जाताना कुणाच्या तंबोऱ्याचा आवाज बसलेला ऐकला की न बोलावता आत शिरायचे. ते जोतं आता नाही, तिथं मोबाइलचं दुकान आहे. आमच्या नकाशावर दोन्ही आहेत.

आणि आता तुझ्या कामाची गोष्ट. चाचांना आम्ही विचारलं, तंबोऱ्याचे भोपळे कुठून यायचे? म्हणाले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठचे, आणि यायचे छोट्या गाडीनं. अडीच फुटी रुळांची आपली लातूर-पंढरपूरची नॅरोगेज! आषाढीला तिच्यातून वारकरी जायचे आणि हंगामात तिच्यातूनच भोपळे यायचे, जाळीत बांधलेले. एकमेकांवर आपटून तडा जाऊ नये म्हणून मध्ये कडबा. "गार्डसाहेब ओळखीचे होते," चाचा म्हणाले, "ब्राह्मणपुरीतले. भोपळे त्यांच्या डब्यात ठेवू द्यायचे." मी नाव विचारलं. त्यांना आठवेना, पण म्हणाले, उंच, सावळे, कानात भिकबाळी.

मित्रा, भिकबाळीवाला उंच गार्ड ब्राह्मणपुरीत दुसरा कोण होता?

माझ्या अंगावर काटा आला. अप्पांना आपण घरात सोवळं नेसून पूजा करताना पाहिलं. ड्यूटीवर त्यांच्या डब्यात सतारमेकर गल्लीचे भोपळे ठेवलेले असायचे, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. मिरजेला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही मापांचे रूळ एकाच जंक्शनात होते, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगायचो. त्या रुळांचा आणि तंबोऱ्याचा संबंध मला साठी उलटल्यावर कळला, तोही एका तासाच्या गप्पांतून.

इथल्या संगीताची मोठी नावं तुला पाठ आहेत. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, हिराबाई बडोदेकरांचा जन्म इथला, विष्णू दिगंबर पलुस्कर बाळकृष्णबुवांकडं शिकले ते इथंच. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना एका लहानशा रेल्वे स्थानकावर खाँसाहेब वारले, त्यांना मिरजेला आणलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दर उरुसात तिथं चिंचेच्या झाडाखाली अजून गाणं होतं. उरुसातला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हेही तुला आठवत असेल. या नावांची काळजी मला नाही, त्यांची चरित्रं छापलेली आहेत. मला काळजी त्या माणसांची आहे, जी त्या सभेला सतरंज्या अंथरायची, रात्रभर चहाचं आधण ठेवायची आणि पहाटे भैरवीला भिंतीला टेकून रडायची.

बालगंधर्वांचं बघ. शाहू महाराजांनी त्यांना कानाच्या उपचारासाठी मिरजेच्या मिशन दवाखान्यात पाठवलं, आणि १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीच्या ‘शाकुंतला’तून ते पहिल्यांदा रंगभूमीवर उभे राहिले तेही मिरजेतच, हंसप्रभा थिएटरात. आज तिथं त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. पण आमच्याशी बोलणारी जुनी माणसं अजून "हंसप्रभावरून डावीकडं वळा" असाच पत्ता सांगतात. माझ्यासोबतच्या कॉलेजच्या पोरांना ते नाव ठाऊक नव्हतं. ही माणसं गेली की नाव जाईल, म्हणून नकाशात आम्ही जुनी नावं ठळक अक्षरांत लिहितो आणि आजची त्याखाली.

खरेशास्त्र्यांची आठवण या कामात रोज येते. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रं वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे एकेक भाग काढायचे. पेशवाई समजून घ्यायला आजही ते भाग उघडावे लागतात. एका शिक्षकानं एवढं केलं! आपण लहानपणी खरे मंदिरात गोष्टीची पुस्तकं वाचायला जायचो, तेव्हा ते नाव कोणाचं हे विचारलंही नाही. पण त्या दप्तरात मोहिमा आहेत, सरदार आहेत, कर्जं आहेत. ज्यांनी पत्र लिहिलंच नाही, ते त्यात कुठून येणार? त्यांचं दप्तर त्यांच्या डोक्यात असतं आणि ते त्यांच्याबरोबर सरणावर नाहीतर कबरीत जातं. या वर्षात आमच्याशी बोललेल्यांपैकी तिघं गेले. चौथ्यांकडं जायचं "पुढच्या रविवारी" म्हणून दोनदा ढकललं. गेलो तेव्हा दारात मांडव होता. तो सल माझा मला राहणार.

माणसांच्या आठवणी जुळत नाहीत, हे मात्र सांगून ठेवतो. किल्ला भागातली एक विहीर. एक आजोबा म्हणतात, प्लेगात बुजवली, मला वडिलांनी सांगितलं. त्यांच्याच शेजारच्या काकू म्हणतात, छे, मी लग्न होऊन आले तेव्हा त्या विहिरीवर धुणं धुतलंय, नळ आल्यावर बुजवली. दोघं भांडायला उठले. आम्ही दोघांचंही लिहून घेतलं, नावानिशी. शिक्षिकाबाईंचा आग्रह असा की आपण निवाडा करायचा नाही. मला तो पटलाय. बायकांचा नकाशाच वेगळा निघतो, हेही लक्षात आलं. पुरुष चौक, तालमी आणि तांग्याचा अड्डा सांगतात. बायका पाणी, गिरणी, सुईण आणि कोणत्या बोळात संध्याकाळी एकटीनं जायचं नाही, हे सांगतात.

लक्ष्मी मार्केटचा घड्याळाचा मनोरा, दर्गा, जुने वाडे यांबद्दल बोलायला, निवेदनं द्यायला माणसं आहेत, आणि ते काम झालंच पाहिजे. पण नुसती इमारत वाचली आणि तिच्यातलं बोलणं गेलं, तर उद्या तिथं उभं राहून पोराला काय सांगणार? आणि तुमच्या घरासारखी इमारत गेलीच, तर मागं निदान एवढं तरी राहावं. २०१९ च्या महापुरात सांगलीला माझ्या मावशीच्या घरात छातीभर पाणी शिरलं. अल्बम सापडला, पण फोटो एकमेकांना चिकटलेले. सोडवायला गेलो की चेहराच कागदावरून निघून यायचा. तेव्हापासून मला धीर धरवत नाही.

म्हणून तुझ्याकडं मागणं आहे, लेका. काकू, तुझी आई, तुझ्याजवळ आहेत आणि परवा फोनवर बोलल्या तेव्हा त्यांची वाणी अगदी खणखणीत होती. रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बस. मोबाइल समोर ठेव आणि विसरून जा. इतिहास विचारू नकोस. सकाळी दाराशी पहिला कोण यायचा, तिथून सुरुवात कर. त्या थांबल्या तर तूही थांब, घाईनं पुढचा प्रश्न विचारू नकोस. त्या शांततेनंतरच खरं काही येतं, असा आमचा अनुभव आहे. अप्पांची पत्र्याची ट्रंक तू पुण्याला नेलीस. त्यात ड्यूटीच्या वह्या, पास, फोटो, काहीही असेल तर फेकू नकोस. फोटोच्या मागं मऊ पेन्सिलीनं नावं लिही, बॉलपेननं नको, त्याची खूण पुढच्या बाजूला उमटते. मूळ वस्तू तुझ्याकडंच राहू दे, आम्हाला नुसत्या प्रती पुरतील.

आणि जमलं तर दिवाळीनंतर काकूंना घेऊन ये. चाचांना भेटवू. त्यांना त्या गार्डसाहेबांच्या घरच्यांना बघायचंय. माझ्याकडं दोनदा निरोप दिलाय त्यांनी. घर नसलं तरी उतरायला माझं आहेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच

ता. क. – तुमच्या बोळाच्या तोंडाशी एक कल्हईवाला भाता मांडून बसायचा. आपण नवसागराचा धूर बघायला उभे राहायचो, तोच. नकाशावर त्याची जागा काढलीय, पण नाव कोणालाच सांगता येईना. काकूंना विचार.