मोठे स्पीकर तासाभरात बसत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला लांबच्या प्रवासाच्या, टुरिंग मोटारसायकलींवरच्या मोठ्या स्पीकरचा लेख वाचला. सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. ‘कुठल्याही दुकानात तासाभरात काम होते’ असं त्यात छापलंय. हे ज्यांनी लिहिलं त्यांनी स्वतःच्या गाडीवर असं काम करून घेतलं नसावं. मी करून घेतलं आहे, म्हणून लिहितोय.

माझा या हौसेला विरोध नाही, हे आधी सांगतो. माझ्या गाडीच्या फेअरिंगमध्ये (पुढच्या, वारा अडवणाऱ्या कवचात) कंपनीचेच सव्वापाच इंचाचे दोन स्पीकर होते. कोल्हापुरात, राजारामपुरीत, रंकाळ्यावर ते छान वाजायचे. महामार्गावर ऐंशीच्या पुढं गेलं की हेल्मेटमध्ये वाऱ्याचा घोंगाट सुरू होतो, त्यात खर्ज आधी बुडतो. मग आवाज वाढवावा तर स्पीकरचा छोटा कोन (हलणारा पडदा) फाटका वाजायला लागतो. सौ. मागं बसते, तिला लताबाईंची जुनी गाणी लागतात. म्हणून साडेसहा इंचाचे घ्यायचं ठरवलं. मोठा कोन जास्त हवा हलवतो, त्यामुळं तेवढाच आवाज ताण न घेता देतो. इथवर तुमच्या लेखाशी माझं काही भांडण नाही.

भांडण वायरिंगचं आहे. त्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

दुकानदारानं (नाव लिहीत नाही) स्पीकरबरोबर 300 वॅटचा ॲम्प्लिफायर गळ्यात मारला. 300 वॅट म्हणजे 12 व्होल्टला 25 ॲम्पिअर. खोक्यावरचा आकडा निम्मा खरा धरला तरी बारा-तेरा ॲम्पिअर झाले. त्यासाठी त्यानं वापरली घरातल्या नाइट लॅम्पला घालतात तसली बारीक वायर. बॅटरीच्या प्लसवरून थेट घेतलेली, मध्ये फ्यूज नाही. टाकीखालून कंपनीच्या हार्नेसलाच (गाडीच्या सगळ्या वायरींच्या जुडग्याला) टेप गुंडाळून पुढं नेली. फेअरिंग हँडलबरोबर फिरणारं, म्हणजे हँडल वळेल तेव्हा ती वायर चॅसीच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) कडेवर घासणार. माझ्यासारख्या मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं. टाकी उतरवून बघितलं नाही, ही माझी चूक. पण पैसे मोजून काम दिलं होतं आणि ‘काका, बिनधास्त जावा’ असं त्यानं तोंडावर सांगितलं होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं गगनबावड्याहून करूळ घाट उतरत होतो. संध्याकाळचे सहा, पाऊस, पुढचं वळण दिसू नये इतकं धुकं. एका वळणावर हँडल पूर्ण डावीकडं गेलं आणि गाणं तुटलं. टाकीखालून धूर आला, लगेच हेडलाइट गेला, इंजिन बंद पडलं. उघडी पडलेली वायर चॅसीला टेकून शॉर्टसर्किट झालं होतं. वायर वितळली आणि शेजारचं हार्नेसही घेऊन गेली. फ्यूज असता तर तो उडाला असता, गाणं थांबलं असतं आणि आम्ही गाडीवर बसून घरी आलो असतो.

सौ. मोबाइलचा टॉर्च लावून मागच्या वळणावर जाऊन उभी राहिली, खालून-वरून येणाऱ्याला आम्ही दिसावं म्हणून. मी सीट काढून 10 नंबरच्या पान्यानं बॅटरीचं टर्मिनल सोडवत होतो. भिजलेल्या हातानं नट धरवत नव्हता आणि पेट्रोलची टाकी त्या धुराच्या वर होती. एका एसटी चालकानं गाडी मागं आडवी घेऊन, इंडिकेटर लावून दहा मिनिटं आम्हाला आडोसा दिला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट अजून आहे. हार्नेस पूर्ण बदलावं लागलं. पैशाचं दुःख नाही. ती त्या वळणावर एकटी उभी होती, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर तेच स्पीकर मी स्वतः बसवले, ओळखीचा एक ऑटो इलेक्ट्रिशियन घेऊन, दोन रविवार मोडून. साडेसहाचा स्पीकर सव्वापाचच्या भोकात बसत नाही, मागचं मॅग्नेट मीटरच्या वायरींना टेकतं. त्यासाठी लेथवर ॲल्युमिनियमच्या रिंगा टर्न केल्या. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज घातला, चार स्क्वेअर मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर कंपनीच्या हार्नेसपासून वेगळ्या नळीतून नेली आणि हँडलच्या मानेजवळ तिला सैल वेढा ठेवला. चावी काढली की ॲम्प्लिफायर बंद व्हावा म्हणून रिले, म्हणजे चावीवर चालणारा स्विच, घातला. कागदी कोनही बदलले. जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस गगनबावड्याला पडतो, तिथं कागद किती दिवस टिकणार? एवढं सगळं काम तासाभरात होत नाही. तुमचा लेख वाचून उद्या एखादा पोरगा कुठल्या तरी दुकानात जाईल आणि घड्याळ बघत बसेल, याची मला काळजी वाटते.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत मुलगा टाऊन हॉलसमोर गाडी लावून गाणी वाजवतोय, डोक्यावर हेल्मेट नाही. समोर सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. रुग्णालयाभोवतीचं किमान 100 मीटर अंतर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतं, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलंय. गणपतीत डॉल्बीच्या विरोधात आपलाच पेपर रकानेच्या रकाने लिहितो आणि ते योग्यच आहे. मग हा फोटो निवडताना कुणीच कसं थांबलं नाही? स्पीकर चालवणाऱ्याला वाऱ्यात ऐकू यावेत म्हणून असतात. गाडी उभी केली की मी आवाज बंद करतो. आत झोपलेल्या पेशंटला माझी गाणी कशाला?

पुढच्या पुरवणीत निदान फ्यूजबद्दल चार ओळी छापाव्यात ही विनंती. करूळ घाटात जळालेली ती वायर मी ठेवून दिली आहे. फोटोसाठी हवी असेल तर कार्यालयात आणून देतो.

आपला,
एक वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर