विंटेज गाडीचं खरं साल आरसी बुकात सापडेलच असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात विंटेज गाड्यांच्या रॅलीचे फोटो बघितले, फार बरं वाटलं, पण फोटोंखाली प्रत्येक गाडीचं जे साल छापलंय त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ही सालं मालकांनी आरसी बुक बघून सांगितलेली असणार आणि तिथेच घोळ होतो. जुन्या बुकात बऱ्याचदा गाडी आपल्याकडे रजिस्टर झाली ते सालच "मॉडेल" म्हणून चढवलेलं असतं, गाडी कारखान्यातून बाहेर पडली ते साल वेगळंच असतं.

आमच्या घरचंच सांगतो. वडिलांनी मुंबईत एका इंग्रज साहेबाकडून मॉरिस मायनर सेकंडहँड घेतली होती, बुकात मॉडेल 1952, आणि आम्ही सगळे आयुष्यभर तेच सांगत आलो. पण गाडीचे हेडलाइट खाली, पुढच्या जाळीत आहेत. 1951 च्या सुरुवातीपर्यंत मायनरच्या सगळ्याच मॉडेलचे हेडलाइट वर मडगार्डवर गेले होते, मग 52 ची गाडी अशी कशी? हा प्रश्न माझ्या मुलीला पडला, मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

मग बॉनेट उघडून फायरवॉलवरची (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) चॅसी नंबरची, म्हणजे कारखान्याने गाडीला दिलेल्या नंबरची प्लेट शोधली. तिच्यावर रंगाचे इतके थर होते की आधी नुसता पत्राच वाटला, थिनर आणि जुनं बनियन घेऊन हळूहळू पुसत बसलो तेव्हा एस एम एम ही अक्षरं आणि पुढचा नंबर दिसला. इंग्लंडमध्ये वॉरिकशायरमध्ये गेडन म्हणून गाव आहे, तिथल्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये मॉरिस, ऑस्टिन, एमजी, ट्रायम्फ अशा बऱ्याच कंपन्यांची प्रॉडक्शनची जुनी रजिस्टरं जपून ठेवलीत. फॉर्म आणि फी भरली की ते त्या नंबरची नोंद शोधून हेरिटेज सर्टिफिकेट देतात. आमचं आलं तेव्हा कळलं की गाडी फेब्रुवारी 1950 ची, रंग मरून (आम्ही जन्मापासून काळीच बघितलेली, नंतर डॅशबोर्डच्या मागे हात घालून खरवडलं तर खरंच मरून निघाला), आणि इंजिन नंबर जुळत नाही. म्हणजे मूळचं 918 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन वडिलांकडे यायच्या आधीच कुणीतरी काढून नंतरच्या मॉडेलचं बसवलेलं होतं. वडील ज्याला "ओरिजिनल इंजिन" म्हणत आले ते ओरिजिनल नव्हतंच.

आता हे नंबर वाचायचे कसे तेही लिहितो, कारण इथे भले भले चुकतात. आकडा 1 पासून सुरू झाला असं धरून गाडी कितवी ते काढू नका. पहिली मायनर एस एम एम 501, ती आजही गेडनलाच आहे, म्हणजे क्रम काढायचा तर 500 वजा करा. एमजीचं त्याहून मजेशीर, त्यांच्या ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर 251 होता म्हणून बऱ्याच मॉडेलची सुरुवातच 0251 ने केली, 1945 ते 49 मधलं त्यांचं टीसी मॉडेलसुद्धा तसंच. नंतरचं एमजीए मॉडेल मात्र 10101 पासून. आणि सुरुवातीच्या एमजीएच्या नंबरात अक्षरांनंतर जे दोन आकडे येतात त्यातला पहिला फार कामाचा, 1 म्हणजे इंग्लंडमध्येच विकायची, 2 म्हणजे उजव्या स्टीअरिंगची एक्स्पोर्ट, 4 म्हणजे अमेरिकेला जाणारी, 5 म्हणजे सुटे भाग पाठवून परदेशात जोडायची, उजव्या स्टीअरिंगची. नुसत्या एका आकड्यावरून गाडी कुठे जायला निघाली होती ते कळतं! रोल्स-रॉइसची गोष्ट वेगळी, ते 13 हा नंबर वगळायचेच, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ते फक्त चॅसी (इंजिनसकट खालचा सांगाडा) बनवायचे, बॉडी हूपर, बार्कर असले कोचबिल्डर, म्हणजे बॉडी बांधणारे कारखाने, चढवायचे, त्यामुळे संस्थानिकांच्या गाड्यांना चॅसीचं एक साल आणि बॉडीचं दुसरं असू शकतं.

आता कळकळीची गोष्ट. आमची गाडी रंगाला दिली तेव्हा गॅरेजवाल्याने ती प्लेट काढून खिळ्यांच्या डब्यात टाकली आणि वर मला म्हणाला, काका गेली तर गेली, नवीन प्लेट ठोकून देतो, कुणाला कळणार. मी दोन तास बसून तो डबा उपसला. मिळाली प्लेट, पण ज्यांना मिळत नाही त्यांचं काय? एकदा खोटा नंबर ठोकला की रजिस्टरातली नोंद आणि गाडी यांची कायमची फारकत होते. तेव्हा गाडी रंगाला द्यायच्या आधी चॅसी नंबर, इंजिन नंबर, बॉडीवरचे बारीकसारीक नंबर, सगळ्यांचे फोटो काढा आणि प्लेट स्वतःच्या कपाटात ठेवा.

दुसरं, इंग्लंडमध्ये 1904 पासून गाड्यांची नोंद तिथल्या कौन्सिलांच्या रजिस्टरांत व्हायची, 1970 च्या दशकात सगळं स्वान्सीच्या मध्यवर्ती ऑफिसात गेलं आणि मग बऱ्याच कौन्सिलांनी आपली जुनी रजिस्टरं फेकून दिली. जी वाचली ती आज तिथल्या रेकॉर्ड ऑफिसांत आहेत आणि एखाद्याला गाडीचा मूळ रजिस्ट्रेशन नंबर परत मिळवायचा तर त्यातली नोंद पुरावा म्हणून चालते. आपल्याकडे 2021 पासून 50 वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' सिरीजचा वेगळा नंबर मिळायची सोय झाली, चांगलंच झालं, पण त्यासोबत आरटीओंनी आपली जुन्या मुंबई राज्याच्या काळातली जी काही रजिस्टरं शिल्लक असतील ती रद्दीत जायच्या आत स्कॅन करावीत. गाडी गेडनच्या रजिस्टरातून निघाली कधी आणि इथे कुणाच्या नावावर चढली, या दोन नोंदी जोडल्या तरच तिची पूर्ण हकीकत हाती लागते. आमच्या मायनरची 1950 ते 52 मधली दोन वर्षं अजून कोरी आहेत, तो इंग्रज साहेब तिचा पहिला मालक होता की दुसरा तेही आम्हाला माहीत नाही.

पुढच्या रॅलीच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने मालकांना एवढंच विचारावं, हे साल बनल्याचं की रजिस्ट्रेशनचं, आणि दोन्ही माहीत असली तर दोन्ही छापावीत.

आपला नियमित वाचक,
पुणे