सात वाट्या पाणी

त्राशियांगत्से, पूर्व भूतान
थ्रुबाबचा दिवस

ती. बाबा आणि आईस,
सविनय जयभीम.

आज शाळेला सुट्टी आहे. पावसाळा सरला की इथे पंचांगात दिवस बघून एक सण करतात, थ्रुबाब त्याचं नाव. त्या पहाटे डोंगरावरून उतरणारं सगळं पाणी पवित्र होतं असं मानतात. ओढ्याचं, नळाचं, अंगणात रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या बादलीतलंसुद्धा. घरातलं लहानथोर सगळं उजाडायच्या आत अंघोळ उरकतं. आमांनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीनं, मलाही चार वाजता हाक मारली. पाणी असं गार होतं की पहिल्या तांब्याला श्वासच अडकला. आता पेज पिऊन बुखारीपाशी, म्हणजे लाकडाच्या शेगडीपाशी, बसले आहे आणि परवा फोनवर बाबांनी जे विचारलं त्याचं उत्तर लिहिते आहे. रेंज गेली हे खरं, पण तेव्हा मला शब्दही सापडत नव्हते.

बाबा, तुम्ही म्हणालात, "आई सांगत होती तू रोज सकाळी वाट्या भरते म्हणून. तिथं जाऊन पूजाअर्चा करायला लागली काय?" आवाजात राग नव्हता, काळजी होती. म्हणूनच जिव्हारी लागलं. ते काय आहे ते आधी नीट सांगते.

इथे प्रत्येक घरात एक देवघराची खोली असते, घरातली सगळ्यात चांगली खोली. तिला छोशम म्हणतात. बुद्धमूर्तीपुढे सात वाट्या एका ओळीत मांडलेल्या असतात. रोज सकाळी त्या डावीकडून उजवीकडे पाण्यानं भरायच्या, संध्याकाळी पाणी झाडांना घालून वाट्या पुसून पालथ्या ठेवायच्या. दोन वाट्यांमध्ये जवाच्या एका दाण्याएवढं अंतर हवं. पाणी काठाच्या खाली जवाच्या एका दाण्याएवढं हवं, ना काठोकाठ, ना उणं. भरताना तोंडावर पदर धरायचा, आपला श्वास पाण्यावर पडू नये म्हणून. आल्यावर महिनाभर मी दारातूनच बघायची. एके दिवशी आमांचं मनगट दुखत होतं. त्यांनी पितळेची चोचवाली झारी माझ्या हातात दिली आणि भर म्हणून खूण केली.

बाबा, माझा हात थांबला. आमांना वाटलं मला जमत नाही, त्यांनी मागून माझा हात धरला आणि पहिली वाटी भरून दाखवली. मला जमत नव्हतं असं नाही. मला आजी दिसली. आपल्या गावच्या विहिरीच्या काठापासून दहा हात लांब, रिकामा गडवा घेऊन बसलेली आजी. कुणाला दया आली तर वरून पाणी ओततील, नाही तर ऊन चढेपर्यंत बसायचं. ती सांगायची तेव्हा हसत सांगायची, म्हणून मला लहानपणी ती गोष्टच वाटायची. त्या आजीच्या नातीला एका परक्या देशात एक म्हातारी बाई घरातल्या सगळ्यात पवित्र जागी नेऊन पाण्याला हात लाव म्हणते, माझी जात तर सोडाच, माझं आडनावसुद्धा तिनं कधी विचारलेलं नाही.

पाणीच का, हे मी नंतर मेमेंना विचारलं. मेमे म्हणजे आमांचे वडील, ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, सोनं वाहिलं तर देताना मन मागे ओढतं, पाण्याला कुणाचं मन अडत नाही. गरिबालाही ते देता येतं, म्हणून पाणी. मी त्यांना चवदार तळ्याचं सांगितलं. हातातली माळ थांबवून त्यांनी मला दोनदा विचारलं, "पाण्याला? पाण्याला हात लावायचा नाही?" गुरंढोरं पिऊ शकत आणि माणूस नाही, हे त्यांना समजावताना माझे शब्द तोकडे पडले. हिंदीतच बोलत होतो आम्ही. मेमेंचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे, कारण ते शाळेत हिंदीतून शिकले. या देशात 1960 च्या सुमारापर्यंत शाळा हिंदीतून चालत, पुस्तकं भारतातून येत. इंग्रजी त्यानंतर आलं.

मेमेंच्या शाळेची गोष्ट तर तुम्हाला सांगायलाच हवी, तुम्ही पस्तीस वर्षं मास्तरकी केलीत. तेव्हा इथे रस्ते नव्हते. 1958 साली पंडित नेहरू इथल्या पारो गावी आले तेही डोंगर ओलांडत, घोड्यावर आणि याकवर बसून. शाळा काय असते ते खेड्यातल्या कुणाला माहीत नव्हतं, आणि मुलं गोळा करायला सरकारी माणूस आला की आईबापांना ती वेठच वाटायची. पोरगं गेलं तर गुरं कोण राखणार? लोक मुलं लपवत. मेमेंना त्यांच्या आईनं मक्याच्या कणगीत लपवलं होतं. शिंक आली आणि सापडले. तीन दिवस चालत शाळेत नेलं, पाठीवर तांदूळ आणि मिरच्या. आज बुखारीपाशी बसून ते सांगतात, ती शिंक आली नसती तर मी तुझ्याशी बोलू शकलो नसतो.

मी ऐकत होते आणि मनात तुम्ही होता. इथे पोरांना शाळेपासून लपवलं, आणि आपल्याकडे आजोबा शाळेत जायला निघाले तर ओसरीच्या पुढे जाऊ दिलं नाही. खिडकीतून ऐकून बाराखडी शिकले ते. तुमच्या वेळेला बाबासाहेबांची घटना होती, तुम्ही वर्गात बसलात, पण माठ? त्या शाळेचं नाव मी लिहीत नाही, तुम्हीही कधी घेतलं नाहीत. तुम्ही घरून निघताना पोटभर पाणी पिऊन निघायचात, म्हणजे दिवसभर तहान लागू नये. बाबा, अजूनही तुम्ही घराबाहेर पडताना उभ्याउभ्या तांब्याभर पाणी पिता. भाजी आणायला निघालात तरी. मला वाटायचं ही तुमची तब्येतीची सवय. परवा वाट्या भरता भरता ते कळलं, चाळिशीला आल्यावर. इतकी वर्षं मी विचारलं कसं नाही?

आता माझ्या शाळेचं. आमची मुलं घो, म्हणजे कमरेला बांधलेला झगा, आणि मुली किरा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं लांब वस्त्र, घालून येतात. घोच्या पोटाशी एवढी मोठी झोळी होते की तिच्यात कंपासपेटी, भाजलेला मका आणि एखादं कुत्र्याचं पिल्लूही मावतं. काहींचं घर दीड-दोन तासांच्या चढावर आहे, बाकीची वसतिगृहात राहतात. सकाळी प्रार्थना होते ती जाम्पेलयांगची, म्हणजे मंजुश्रीची. एका हातात तलवार, दुसऱ्या बाजूला ग्रंथ. बुद्धीची तलवार अज्ञान कापते, असा अर्थ. विद्येला हात जोडून दिवस सुरू करायचा, हे तुम्हाला आवडेल असं वाटतं. दहावीपर्यंत शिक्षण मोफत देणं राज्यावर बंधनकारक आहे, 2008 च्या त्यांच्या घटनेतच तसं लिहिलं आहे. गावातल्या पोरांना आडनाव नाही. लामानं दिलेली दोन नावं, बस. सोनम, पेमा, कर्मा, मुलगा असो की मुलगी. माझ्या एका वर्गात पाच सोनम आहेत. हजेरी घेताना मी रोज मनातून सुखावते. हजेरीपटावरून कोण कुठला ते कुणालाच कळत नाही.

बुद्ध, धम्म, संघ याला ते संगे, छो, गेंदुन म्हणतात. शब्द वेगळे, क्रम तोच. आई, तू मला मांडीवर घेऊन त्रिसरण शिकवलंस तोच क्रम.

एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही केव्हापासून बौद्ध?" मी म्हटलं, "14 ऑक्टोबर 1956 पासून." सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं मी जन्मतारीख सांगतेय. धर्माला तारीख असते हे त्यांच्या कल्पनेतच नाही. त्यांच्याकडे तो डोंगरासारखा आहे, कुणी आणला ते माहीत आहे, पण आपण कधी पत्करला हा प्रश्न नाही. गुरू रिन्पोचे आठव्या शतकात आले, पारोचं क्यिचु आणि बुमथांगचं जांबे ही मंदिरं तर सातव्या शतकातली मानतात. मग मी फळ्यावर नागपूर काढलं आणि सांगितलं, माझे आजोबा वर्षाच्या मुलाला खांद्यावर बसवून तिथे गेले, आजीनं पांढरं लुगडं नेसलं, आणि लाखो माणसांनी एका मैदानात उभं राहून बुद्धाला शरण गेलो असं म्हटलं. ते खांद्यावरचं मूल माझे बाबा. वर्ग एकदम शांत झाला. ती मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही लोकांनी विचार करून घेतला." मी त्या रात्री झोपले नाही. इतक्या कमी शब्दांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पवनीचंही सांगितलं मी त्यांना. आपल्या गावापासून सायकलवर जाण्याएवढ्या अंतरावर, वैनगंगेकाठी, जगन्नाथ टेकडीखाली इसवी सनापूर्वीचा स्तूप होता. 1969-70 ला खोदल्यावर दिसला. आपली माणसं शेकडो वर्षं त्या मातीवरून गुरं हाकत गेली आणि पायाखाली काय आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. इथली सगळ्यात जुनी मंदिरंसुद्धा त्या स्तूपापुढे तरुण. मुलांना मी म्हटलं, तुमचं कधी हरवलं नाही, आमचं हरवलं आणि आम्ही परत मिळवलं. दोन्ही गोष्टी मला सारख्याच मोठ्या वाटतात.

तुमची काळजी मी हसण्यावारी नेत नाही, बाबा. पुनर्जन्म, ग्रहदशा, आजारपणात आधी लामा आणि मग दवाखाना, हे मला पटत नाही आणि मी ते इथेही बोलते. बाबासाहेबांचा ग्रंथ उशाशी आहे, रोज दोन पानं होतात. आणि तुम्ही दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक लोकांबद्दल विचारलंत तेही योग्यच. 1990 च्या आसपास लाखभर माणसं या देशातून नेपाळमधल्या छावण्यांत गेली, पुढे त्यातली बहुतेक अमेरिकेत आणि इतर देशांत वसली. इथे कुणी त्यावर सहज बोलत नाही. करुणेची प्रार्थना रोज म्हणणाऱ्या देशातही हे घडलं, हे मी विसरत नाही. समता नसेल तर धम्म नाही, हे तुम्ही शिकवलेलं माझ्याकडे शाबूत आहे. मी वाट्या भरते त्या काही मागण्यासाठी भरत नाही. आजीसाठी भरते.

आई, तुझ्यासाठी एक बातमी. 2022 साली इथल्या सर्वोच्च धर्मगुरूंनी, त्यांना 'जे खेंपो' म्हणतात, 144 स्त्रियांना पूर्ण भिक्षुणी दीक्षा दिली. तू विहारात नेहमी विचारतेस ना, भंते येतात, भिक्षुणी का नाही येत? तुझा प्रश्न इथपर्यंत पोचला होता असं वाटलं मला.

आता मुद्द्याचं. माझा करार दोन वर्षांनी वाढला आहे आणि मी सही केली आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही, त्याची क्षमा मागते. विचारलं असतं तर तुम्ही 'रहा' म्हणाला असता आणि रात्री दोघंही जागला असता.

म्हणून तुम्हीच या. 2027 च्या 20 मार्चला चवदार तळ्याला शंभर वर्षं होतात. त्या दिवशी मला महाडला यायचं होतं, पण शाळा तेव्हा ऐन भरात असते. तुम्ही आठवडाभर आधी निघा. नागपूरहून गुवाहाटीपर्यंत रेल्वे, तिथून सीमेवरचं दरंगा, आणि दरंगा ओलांडलं की भूतानचं सामद्रुप जोंखार. मी तिथे घ्यायला येते. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, बाबा, मूळ कार्डच आणा, झेरॉक्स नको. पुढे डोंगरातून अख्खा दिवस गाडी आहे, वळणं फार, आईसाठी आलेपाक आणि ओकारीच्या गोळ्या ठेवा. वाटेत त्राशिगांगला मुक्काम करू. गुडघ्यांची चिंता नको, माझं घर तळमजल्याला आहे. गावात 1740 सालचा मोठा पांढरा चोर्तेन, म्हणजे स्तूप, आहे, त्याची प्रदक्षिणा अगदी सपाटीवरून आहे. म्हाताऱ्या बाया तिथे दिवसभर फिरत असतात, एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत. आई, तुझं मन लागेल.

थंडी असेल. स्वेटर, कानटोपी, आणि बाबांचे पायमोजे जाड. खायला मिरचीच मिरची आहे, एमा दात्शी म्हणजे मिरचीची भाजीच, चीज घातलेली, तेव्हा जेवणाची काळजी नाही. तूरडाळ मात्र आणा, आणि थोडं तिखट.

आणि एक. आजीचा पितळेचा गडवा मोठ्या ट्रंकेत खाली आहे, तिच्या त्या पांढऱ्या लुगड्यात गुंडाळलेला. आई, तो चिंचेनं घासू नकोस, आहे तसाच आण. आमांना मी विचारून ठेवलं आहे. त्या दिवशी सकाळी झारी नको म्हणाल्या. गडव्यानं भरायच्या, आणि बाबांनी भरायच्या.

तुमची,
बेबी